म्हाताऱ्या गाडीचे घरगुती औषधपाणी

अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, प्रीमियर पद्मिनी १९९६ सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. रहाटणीत आमच्या सोसायटीत नव्या गाड्यांच्या रांगेत ही आजीबाई उभी असते. गेल्या दिवाळीपासून तिला धाप लागू लागली. काळेवाडीचा पूल चढताना मागून निळा धूर, आणि इंजिनातलं ऑइल सारखं कमी!

हे म्हणाले, "आता भंगारात देऊन टाकू." अण्णा काहीच बोलले नाहीत. त्या रात्री जेवले मात्र अर्धीच पोळी. सासूबाईंना दवाखान्यात शेवटचं नेलं, ते याच गाडीतून.

कुणीतरी सांगितलं, ऑइलमध्ये अमुक बाटली ओता, इंजिन नवं होईल. माझ्या शिकवणीच्या पैशांतून दोन बाटल्या आणल्या. आठवडाभर धूर कमी झाला, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या! मैत्रिणींनो, झिजलेलं लोखंड बाटलीनं भरून येत नाही. घट्ट ऑइलनं फट तेवढी काही दिवस झाकली जाते. रॉकेलनं इंजिन धुवायचा सल्लाही ऐकू नका. ऑइल पातळ होऊन बेअरिंग खराब होतात.

मग घरी करायचं तरी काय? आधी धुराचा रंग पाहा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर तुंबलाय का, चोक अडकलाय का, ते बघा. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिला, तर आत पाणी शिरत असावं. ही पाहणी उघड्यावरच करा, बंद जागेत धूर जीवघेणा ठरतो.

दर रविवारी, गाडी सपाट जागी बंद करून थोड्या वेळानं, ऑइलची पट्टी पुसून पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. जास्त भरणंही वाईटच. रेडिएटरचं झाकण गरम असताना मुळीच उघडू नका. वाफ न गेलेला कुकर आपण उघडतो का? आणि त्यात बोअरचं पाणी घालू नका, क्षार साठतात.

एवढं करूनही निळा धूर थांबेना, तेव्हा आम्ही जुन्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी प्लग काढून चारही सिलिंडरचा दाब मोजला. दोन ठिकाणी कमी भरला. तिथे चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजला, तर वाढला! "वहिनी, रिंगा गेल्यात. दाब वाढला नसता, तर व्हॉल्व्हवर संशय घेतला असता." पाहिलंत, चमचाभर ऑइलनं दुखणं बरं झालं नाही, पण कळलं तरी!

रिंगा बदलल्या. खर्च झाला, पण नेमका हवा तिथेच. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. आमची मात्र दर रविवारी अण्णांना आणि नातवंडांना घेऊन मंडईत जाते.

तेव्हा बाटली घेण्याआधी दाब मोजून घ्या, बरं का! आणि काढलेलं काळं ऑइल गटारात ओतू नका. ते गॅरेजमध्येच द्या, नाहीतर शेवटी आपल्या पवनामाईच्याच पोटात जायचं.