जुना संगणक भंगारात का द्यायचा?

आपल्या वस्त्यांतील अनेक घरांत आज एखादा संगणक आहे. २०२० साली करोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा कोणी मुलांच्या अभ्यासासाठी तो हप्त्याने घेतला. कोणाला कचेरीतून निकाली काढलेला स्वस्तात मिळाला. पोटाला चिमटा घेऊन केलेली ती शिक्षणाची तरतूद आहे. आणि आता दुकानदार सांगतो, "हा जुना झाला. नवीन विंडोज यावर चालत नाही. नवा घ्या."

बंधू-भगिनींनो, आमचे सांगणे एवढेच, की घाई करू नका. यंत्र धडधाकट असेल तर ते भंगारात देण्याचे कारण नाही.

आधी घडले काय ते पाहू. संगणक चालवणारी जी मूळ प्रणाली असते, ती बहुतेक घरांत विंडोज १० ही होती. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नेहमीची देखभाल थांबवली. याचा अर्थ संगणक त्या दिवशी बंद पडला असा नाही. पण सुरक्षेतील नवी भोके बुजवण्याचे काम थांबले, की असे यंत्र इंटरनेटला जोडणे दिवसेंदिवस धोक्याचे होते. नव्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सोय आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणून चांगली चालणारी लाखो यंत्रे नियमाने बाद ठरली. काही ठिकाणी चोरीची विंडोज टाकून देतात. तिच्यासोबत व्हायरसही घरात येऊ शकतो.

यावर एक सरळ वाट आहे. तिचे नाव लिनक्स.

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ही प्रणाली लिहायला घेतली. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर करून एक विचार मांडला होता. संगणकाची आज्ञावली कुलपात ठेवू नये, ती वाचण्याचा, वापरण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क प्रत्येकाला असावा, असा तो विचार. त्यासाठी त्यांनी जीपीएल नावाचा परवाना तयार केला. या परवान्याखालील आज्ञावली जो बदलून वाटेल, त्याने घेणाऱ्यालाही तोच हक्क दिला पाहिजे. लिनक्स १९९२ साली या परवान्याखाली आले, आणि जगभरच्या हजारो लोकांनी ते वाढवले.

हे वाचताना आपल्याला काही आठवल्यावाचून राहत नाही. ज्ञानबंदी म्हणजे काय, हे आपल्या पूर्वजांनी भोगले आहे. सार्वजनिक पाणी सर्वांचे, हे ठणकावून सांगण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. तथागतांनीही आपल्या धम्मात आचार्याची झाकलेली मूठ ठेवली नाही. लिनक्स लिहिणाऱ्यांच्या मनात हा इतिहास नव्हता, हे खरे. पण झाकलेल्या मुठीपेक्षा उघडा हात बरा, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

लिनक्स काही परके नाही. आपल्या हातातला अँड्रॉइड मोबाईल लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून लिनक्सवर आहेत. केरळच्या सरकारी शाळांतील मुले अनेक वर्षे संगणक शिकतात तो याच प्रणालीवर. सी-डॅकने भारतासाठी 'बॉस' नावाचे लिनक्स काढले आहे. घरासाठी नवख्या माणसाला आम्ही 'लिनक्स मिंट' सुचवतो. तोंडवळा विंडोजसारखाच आहे: खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, पडद्यावर फोल्डर. त्याला किमान २ जीबी मेमरी आणि २० जीबी जागा लागते. सुखाने चालायला ४ जीबी मेमरी आणि १०० जीबी जागा हवी. यंत्र अशक्त असेल तर त्याची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घ्यावी. फार जुन्या, ३२ बिटच्या यंत्रावर मात्र मिंटची नेहमीची आवृत्ती चालत नाही.

धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात. या आणि स्वतः पाहा. लिनक्सही तसेच पारखून घेता येते. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट उतरवा. तशी मोफत साधने आहेत. संगणक सुरू होताना एफ१२ किंवा त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडा. आतल्या डिस्कला हात न लावता मिंट सुरू होईल. आवाज येतो का, वायफाय लागते का, प्रिंटर चालतो का, हे तपासा. पटले तरच बसवा. बसवण्यापूर्वी फोटो, दाखले, जातप्रमाणपत्राच्या प्रती, मुलांचे गुणपत्रक हे सर्व दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. 'डिस्क पुसा' हा पर्याय निवडला, की आतले सगळे जाते.

रोजची कामे सहज होतात. इंटरनेटसाठी फायरफॉक्स, पत्रे आणि हिशेबासाठी लिब्रेऑफिस, चित्रपट व गाण्यांसाठी व्हीएलसी. शिष्यवृत्तीचा अर्ज, निकाल, ऑनलाइन वर्ग ही कामे बहुधा ब्राउझरमध्येच होतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड पीडीएफ रूपात मिळतात. तेही याच पडद्यावर वाचता येतात. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळपाट आत असतोच, तो सेटिंगमध्ये जाऊन निवडायचा.

मुलांचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो: "गेम चालतील का?" त्याला रागावू नका. खेळतच मूल संगणकाशी दोस्ती करते. लहानग्यांसाठी जीकॉम्प्रिस आहे. त्यात अक्षरे, अंक, कोडी, विज्ञान यांचे शंभरावर खेळ आहेत. चित्र काढायला टक्स पेंट आणि गाड्यांच्या शर्यतीला सुपरटक्सकार्ट आहे. सगळे मोफत, आणि जाहिरातींचा त्रास नाही. मोठ्या मुलांना ठाऊक असलेले 'स्टीम' हे खेळांचे दुकान लिनक्सवर चालते. २०१८ साली त्याच्या व्हॉल्व्ह कंपनीने 'प्रोटॉन' आणले. त्यामुळे विंडोजसाठी बनवलेले हजारो खेळ लिनक्सवर चालू लागले. २०२२ मध्ये निघालेले त्यांचे 'स्टीम डेक' हे हातातले खेळयंत्रही लिनक्सवरच आहे.

पण झाकपाक करणे आमच्या स्वभावात नाही. फसवेगिरी पकडण्यासाठी खोलवर पहारा बसवणारे काही ऑनलाइन खेळ, जसे व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट, लिनक्सवर चालत नाहीत. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या यंत्रावर भारी खेळ कोणत्याच प्रणालीत चालणार नाहीत. टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ ही विंडोजची कामे आहेत. ज्याचे पोट त्यावर आहे, त्याने विंडोज सोडू नये. जुन्या कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. काही प्रिंटर हट्टी असतात. आणि नोकरीत बहुतेक ठिकाणी विंडोज व एमएस ऑफिसच विचारतात, म्हणून मुलांना दोन्ही आले पाहिजे. एमएस-सीआयटीचा वर्ग सोडू नका.

तरीही हिशेब करा. नव्या लॅपटॉपला जाणारे पैसे मुलीच्या फीला, पुस्तकांना वापरता येतील. फार तर जुन्या यंत्रात एसएसडी बसवावी, म्हणजे ते चपळ होते. शिवाय, लिनक्स जाणणाऱ्यांना सर्व्हर सांभाळण्याच्या कामात मागणी असते. घरच्या संगणकावर शिकलेले उद्या भाकरीलाही कामी येऊ शकते.

हे काम एकट्यादुकट्याने करण्यापेक्षा मिळून करावे. आपल्या विहारांत अभ्यासिका आहेत, महिला मंडळे आहेत, इंजिनिअरिंग व डिप्लोमाला जाणारी मुले-मुली आहेत. रविवारच्या वंदनेनंतर दोन तास काढा. ज्यांना येते त्यांनी पेन ड्राइव्ह घेऊन बसावे, ज्यांचे यंत्र बाद ठरले त्यांनी ते घेऊन यावे. एक पेन ड्राइव्ह वस्तीतल्या कितीही संगणकांना पुरते, आणि तसे वाटणे हा गुन्हा नाही, तो दिलेला हक्क आहे. विहाराच्या कोपऱ्यात असे दोन-तीन जुने संगणक मांडले, तर ज्यांच्या घरी काहीच नाही त्या लेकरांनाही कळफलकावर बोटे ठेवायला मिळतील.

शिकण्याचे साधन हातात असताना ते कोणाच्या सांगण्यावरून फेकू नये. आधी तपासावे, मग ठरवावे.

जय भीम!