पहाट लिहिण्याची, संध्याकाळ वाचकांची

कादंबरी वाचकाच्या हातात पडते ती सलग. तिची वीण इतकी घट्ट असते, की चारशे पानं एका दमात लिहून झाली असावीत असं वाटावं. प्रत्यक्षात नोकरी, घरातली आजारपणं, प्रवास, देणीघेणी आणि पाहुणेरावळे यांच्यामधून काढलेल्या तासांवर ती उभी राहते. छापून झाली की लेखकाचा दुसरा व्याप सुरू होतो: ती वाचकांपर्यंत पोचवण्याचा. हे दोन व्याप माणसाचा दिवस आणि आयुष्य कसं वाटून घेतात ते पाहायचं, तर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या दोन समकालीनांकडे पाहावं. अँथनी ट्रोलपने आपल्या लेखनाचा रोजचा हिशेब लिहून ठेवला. चार्ल्स डिकन्सने वाचकांसमोर उभं राहण्याची किंमत शरीराने मोजली.

साडेपाच ते साडेआठ

ट्रोलप (1815–1882) टपाल खात्यातला नोकरदार. 1834 साली कारकून म्हणून लागला आणि 1867 मध्ये राजीनामा देईपर्यंत त्याने तिथे मन लावून काम केलं. आयर्लंडमध्ये आणि इंग्लंडच्या पश्चिम भागात घोड्यावरून गावोगाव हिंडून त्याने पोस्टमनचे मार्ग आखले. रस्त्याकडेला उभी टपालपेटी ठेवावी ही सूचनाही त्याचीच. 1852 मध्ये चॅनल बेटांवर ती अमलात आली. ही नोकरी सांभाळत त्याने बरीच पुस्तकं लिहिली. एकूण कादंबऱ्या 47.

लंडनजवळच्या वॉल्थम क्रॉसला राहत असताना तो पहाटे साडेपाचला टेबलापाशी बसलेला असे. त्याला उठवून कॉफी आणून देण्याचं काम घोड्यांची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराकडे होतं. त्यासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जास्त मिळत. हा माणूस कधी उशिरा आला नाही, आणि आपल्या यशाचं सर्वांत मोठं ऋण बहुधा त्याचंच, असं ट्रोलपने आत्मचरित्रात मोकळेपणाने नोंदवलं आहे.

पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात जाई. शब्द कानाला कसे लागतात ते तो तपासून पाही. मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द. साडेआठला लेखन संपे आणि त्यानंतर नोकरीचा दिवस. नवी कादंबरी हाती घेतली की तो एक वही आखे, तिच्यात आठवड्यांचे रकाने पाडी आणि रोज किती पानं झाली ते मांडी. आळस झाला तर रिकामा रकाना डोळ्यांपुढे राही. रेल्वेप्रवास वाढले तेव्हा मांडीवर पाटी ठेवून तो पेन्सिलीने डब्यात लिहू लागला. ‘बार्चेस्टर टॉवर्स’चा बराचसा खर्डा असाच झाला. पेन्सिलीतला मजकूर स्वच्छ उतरून काढायची ती त्याची पत्नी रोझ. कादंबरीकाराच्या दिवसात घरातल्या माणसांचे तासही असे मिसळलेले असतात. मुखपृष्ठावर त्यांचं नाव नसतं, म्हणून ते इथे सांगायलाच हवं.

ही शिस्त त्याने आईकडून घेतली. फ्रान्सिस ट्रोलप यांचं पहिलं पुस्तक 1832 साली आलं, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. घर कर्जात बुडालं होतं. बेल्जियममधल्या ब्रुजला पती आणि एक मुलगा अंथरुणाला खिळलेले असताना त्यांची शुश्रूषा करत त्या कादंबऱ्या लिहीत होत्या; त्याच पैशांवर घर चालत होतं. घर जागं होण्याआधी, पहाटे चारला त्यांचा दिवस सुरू होई. लिहायला निवांतपणा हवा असं आपण सहज म्हणतो. या बाईंना तो मिळालाच नाही, तरी त्यांनी शंभराहून अधिक खंड लिहिले.

एवढ्या नेमाला फळ मात्र उशिरा आलं. ट्रोलपची पहिली कादंबरी 1847 ची. 1855 मध्ये आलेल्या ‘द वॉर्डन’चे वर्षअखेरीस हाती आलेले पैसे दहा पौंडांच्याही आत होते. पुढे 1860 मध्ये ‘कॉर्नहिल’ मासिकाने क्रमशः कादंबरीसाठी हजार पौंड दिले. मधली वर्षं त्याला सांभाळून नेली ती टपाल खात्याच्या पगाराने आणि रकान्यांच्या वहीने.

व्यासपीठावरचा डिकन्स

डिकन्सचा दिवसही बांधीव होता. सकाळी नऊ ते दुपारी दोन लेखन, तेव्हा घरात पूर्ण शांतता. मग मैलोन्‌मैल पायपीट. त्याच्या बहुतेक मोठ्या कादंबऱ्या महिन्याला एक शिलिंगाच्या, 32 पानी अंकांतून येत. पुढचा अंक लिहायचा असतानाच आधीचा लोकांच्या हातात असे, त्यामुळे घसरायला जागा नव्हती. प्रत्येक अंकासाठी तो एका कागदाच्या डाव्या बाजूला शक्यता आणि स्वतःलाच विचारलेले प्रश्न लिही, उजवीकडे प्रकरणांचा आराखडा. 1865 मध्ये स्टेपलहर्स्टला रेल्वे अपघात झाला, तेव्हा जखमींना मदत केल्यावर तो लोंबकळणाऱ्या डब्यात परत चढला आणि ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’चं हस्तलिखित काढून आणलं.

1858 पासून त्याने पैसे घेऊन जाहीर अभिवाचनं सुरू केली. त्यांची तयारी कादंबरीइतकीच कसून असे. प्रसंग छाटून वेगळी प्रत छापायची, समासात आवाजाच्या आणि हातवाऱ्यांच्या खुणा करायच्या, खास बनवून घेतलेलं मेज आणि गॅसचे दिवे गावोगाव न्यायचे. डिसेंबर 1867 ते एप्रिल 1868 या काळात अमेरिकेत त्याने 76 वाचनं केली. तिकिटांसाठी लोक कडाक्याच्या थंडीत रात्रभर रांगेत थांबत. त्याच दौऱ्यात तो सर्दी-पडशाने हैराण झाला होता. अन्न जवळजवळ जात नव्हतं. तरी पुढच्या वर्षी त्याने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या नॅन्सीच्या खुनाचा थरारक प्रसंग कार्यक्रमात घेतला. प्रत्येक वाचनानंतर नाडी भलतीच वाढलेली असे. एप्रिल 1869 मध्ये डॉक्टरांनी दौरा थांबवला. 15 मार्च 1870 ला लंडनमध्ये त्याने वाचकांचा निरोप घेतला आणि 9 जूनला तो गेला. ‘एडविन ड्रूड’चे बारा अंक ठरले होते. लिहून झाले सहा.

वाचनांनी त्याला अमाप पैसा दिला आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांचं हसू-रडू समोर पाहण्याचं सुखही दिलं. हे सुख खोटं नव्हतं. पण त्याच कार्यक्रमांनी त्याची ताकद शोषली, आणि एक कादंबरी अर्धी राहिली.

आपल्याकडे

मराठीत या दोन्ही व्यापांचा भार पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पेलला तो हरि नारायण आपटे यांनी. 1890 साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ त्यातूनच क्रमशः आली. तिची नायिका यमू हिची कहाणी लिहिणारा हा लेखक त्याच वेळी अंक वेळेवर काढत होता, आणि पुण्यातल्या आनंदाश्रमाचा कारभारही त्याच्याकडे होता. पुढेही आपली कादंबरी बहुतांशी नोकरीच्या कडेकडेने लिहिली गेली. ‘मृत्युंजय’ (1967) आली तेव्हा शिवाजी सावंत कोल्हापुरात शिक्षक होते. ‘पानिपत’ (1988) लिहिणारे विश्वास पाटील प्रशासकीय सेवेत होते. घड्याळाला न जुमानणारी उदाहरणंही आहेत. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ (1963) सांगवीला, आपल्या गावी, सपाट्याने लिहून काढली. पण त्या थोड्या दिवसांसाठीही गाव, घर आणि एकांत लागलाच.

आजच्या मराठी कादंबरीकाराचं वेळापत्रक भरगच्च आहे. मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, प्रकाशनपूर्व सवलतीची जाहिरात, प्रकाशन समारंभ, वाचनालयातलं व्याख्यान, संमेलनातला परिसंवाद, मुलाखती, समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती. पुस्तकाची बातमी गावोगाव पोचायला हे सगळं हवं, आणि वाचकांनी बोलावणं यात मोठं प्रेम आहे. मात्र यातलं बरंचसं लेखक पदरमोड करून, रजा टाकून करतो. ती रजा पुढच्या कादंबरीच्या खात्यातून वजा होते.

म्हणून माझं वाचकांना आणि ग्रंथालयांना कळकळीचं सांगणं आहे. लेखकाला बोलावलंत, तर प्रवासखर्च आणि योग्य मानधन द्या. पुस्तक सप्रेम भेट मागू नका. विकत घ्या, आणि आवडलं तर सविस्तर कळवा. वर्षात एखाद्या लेखकाला ‘यंदा येऊ नका, लिहा’ असंही म्हणा. ट्रोलपला पहाटे उठवणारा माणूस मिळाला आणि 47 कादंबऱ्या झाल्या. तेवढी साथ आपल्या लेखकांना देणं आपल्या आवाक्यातलं आहे.