कन्सल्टिंगकडे वळणाऱ्या इंजिनीअरचे पाच गैरसमज

हिंजवडीत किंवा चाकणला दोन-तीन वर्षं काढली की बऱ्याच तरुण इंजिनीअरांना मॅनेजमेंट कन्सल्टिंग खुणावू लागतं. त्याबद्दलची माहिती मात्र बहुधा कॅन्टीनमधल्या गप्पांतून आलेली असते.

गैरसमज १: हे काम एमबीएवाल्यांचं.
वस्तुस्थिती: या धंद्याचा पाया घालणाऱ्यांत तंत्रज्ञही होते. १८८६ साली सुरू झालेल्या 'आर्थर डी. लिटल' कंपनीचे लिटल हे रसायनशास्त्रज्ञ. १९६३ साली 'बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप' काढणारे ब्रूस हेंडरसन मेकॅनिकल इंजिनीअर. हार्वर्ड बिझनेस स्कूलची पदवी हाती यायला ९० दिवस उरले असताना त्यांनी ते सोडून नोकरी धरली होती. आजही मोठ्या कंपन्या आयआयटीतून बी.टेक. झालेल्यांना थेट ॲनालिस्ट म्हणून घेतात. मात्र काही वर्षं नोकरी केलेल्यांसाठी नामांकित संस्थेतलं एमबीए हाच रुळलेला रस्ता आहे. दुसरी वाट उत्पादन, पुरवठा साखळी, डेटा अशा एखाद्या क्षेत्रातल्या पक्क्या अनुभवाची.

गैरसमज २: तांत्रिक ज्ञान वाया जातं.
वस्तुस्थिती: ज्यानं रात्रपाळीत बंद पडलेली लाइन सुरू केली आहे, त्याला ब्रेकडाउनच्या नोंदी कुठं गुंडाळल्या जातात ते ठाऊक असतं. एक्सेलमध्ये ते दिसत नाही. पण डिझाइनवर किंवा कोडवर बसलेला हात सुटतो, हेही खरं. तीन-चार वर्षांनी परत फिरायचं तर तयारी नव्यानं करावी लागते.

गैरसमज ३: केस इंटरव्ह्यूत उत्तर बरोबर आलं की झालं.
वस्तुस्थिती: या मुलाखतीत धंद्यातला एखादा प्रश्न सोडवायला देतात. 'पुण्यात रोज किती वडापाव खपत असतील?' याचं नेमकं उत्तर विचारणाऱ्याकडेही नसतं. तुम्ही गिऱ्हाइकांचे गट कसे पाडता, त्यात कुणी दोनदा मोजलं जात नाही ना, कुणी सुटत नाही ना, आणि गृहीतक चुकलं तर उत्तर किती हलेल, हे तो पाहतो. मनातल्या मनात गणित सोडवून थेट आकडा सांगणारा हुशार विद्यार्थी इथंच मार खातो.

गैरसमज ४: काम म्हणजे चकचकीत स्लाइड्स.
वस्तुस्थिती: खरी अडचण स्लाइडच्या आधी येते. इंजिनीअरचा अहवाल मोजमाप, पद्धत, चाचण्या अशा पायऱ्या चढत शेवटी निष्कर्षाला पोचतो. मालकाला पहिल्या मिनिटात कळायला हवं असतं, की करायचं काय. १९६३ साली मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीत रुजू झालेल्या बार्बरा मिंटो यांनी हाच क्रम उलटा करून 'पिरॅमिड' पद्धत मांडली: आधी उत्तर, मग कारणं, मग पुरावा. समजा, प्रश्न नव्या पेंट लाइनचा आहे. पहिलंच वाक्य असेल, 'दुसरी लाइन घेऊ नका.' मग कारण: आहे ती लाइन रंग बदलताना रिकामी राहते, एका रंगाच्या ऑर्डरी सलग लावल्या तर हवी तेवढी क्षमता निघते. खाली आकडे. एवढं करूनही काम संपत नाही. ज्या सुपरवायझरचं वेळापत्रक बदलणार, त्याला ते पटावं लागतं. गणित बरोबर असणं इथं निम्मंच काम.

गैरसमज ५: एकदा शिरलं की पार्टनर होईपर्यंत थांबायचं.
वस्तुस्थिती: अनेक कंपन्यांत 'वर चढा, नाहीतर बाहेर पडा' असा रिवाज आहे. बहुतेक जण काही वर्षांत निघतात आणि त्यात कुणी कमीपणा मानत नाही. खरगपूरच्या आयआयटीत धातुशास्त्र शिकलेले सुंदर पिचाई मॅकिन्झीत काम करून २००४ साली गूगलमध्ये गेले. पगार चांगला असतो, पण प्रवास आणि रात्रीची जागरणं धरूनच त्याचा हिशेब करावा.

वळण्याआधी एक करून पाहा. सध्याच्या कामातली एखादी अडचण एका पानात मांडा, उपाय पहिल्या ओळीत लिहा, त्याला रुपयांचा आकडा जोडा आणि ते पान विक्री विभागातल्या माणसाला द्या. त्यानं शंका काढल्यावर तुम्हाला पान पुन्हा लिहावंसं वाटलं, तर अर्ज भरा. त्याला काही कळत नाही असंच वाटलं, तर आहे ती नोकरी बरी.