शेत राखले, हक्क विकला : अमेरिकेतील शेती-संरक्षण करार

जमीन हे शेतकऱ्याचे मूळ भांडवल होय. बियाणे, खते, अवजारे, जनावरे ही साधने एका हंगामात गेली तरी पुढे कष्टाने पुन्हा जमविता येतात. परंतु सुपीक मातीचा थर एकदा सिमेंट व डांबराखाली गेला म्हणजे तो पुन्हा नांगराखाली येत नाही. शहर वाढू लागले की त्याची पहिली झळ कडेच्या शेतांना पोचते. पुष्कळ जुनी शहरे मुळात कसदार जमिनीच्या व पाण्याच्या आधारानेच वसलेली असतात. त्यामुळे त्यांच्या वाढीत जाणारी जमीनही बहुधा चांगल्या प्रतीची असते.

हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनाही सुटलेला नाही. तेथील ‘अमेरिकन फार्मलँड ट्रस्ट’ या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २००१ ते २०१६ या काळात सुमारे १ कोटी १० लाख एकर शेतजमीन इमारतींखाली गेली किंवा मध्ये मध्ये वस्ती झाल्याने शेतीस अडचणीची झाली. या हानीस आळा घालण्यासाठी तेथे एक निराळा उपाय रूढ झाला आहे. शेतकरी आपले शेत विकत नाही. त्या शेतावर घरे उभारण्याचा हक्क तेवढा विकतो. या व्यवहारास तिकडे ‘अ‍ॅग्रिकल्चरल कॉन्झर्वेशन ईझमेंट’ असे म्हणतात. आपण त्यास शेती-संरक्षण करार म्हणू.

मालकी म्हणजे हक्कांची मोळी

हा करार समजण्यासाठी मालकी म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. जमिनीची मालकी हा एकच अखंड हक्क नव्हे. ती अनेक हक्कांची मोळी आहे. जमीन कसण्याचा हक्क, पीक घेण्याचा हक्क, ती गहाण टाकण्याचा, खंडाने देण्याचा, विकण्याचा, वारसांना देण्याचा हक्क आणि तिच्यावर इमारत बांधण्याचा हक्क, अशा अनेक काड्या त्या मोळीत असतात. मोळी न सोडता त्यातील एखादी काडी वेगळी काढून दुसऱ्यास देता येते.

आपल्या शेतकऱ्यास हे नवीन नाही. एकाच्या शेतातून दुसऱ्याची बैलगाडी जाण्याची वाट असते, एकाच्या बांधावरून दुसऱ्याच्या मळ्यास पाट जातो. शेत पहिल्याचेच राहते. पण ती वाट वा तो पाट त्यास मोडता येत नाही. यालाच आपण वहिवाटीचा हक्क म्हणतो, आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने त्यास आधार दिला आहे. मात्र वहिवाटीचा हक्क हा बहुधा एका जमिनीला दुसऱ्या जमिनीवर असतो. शेती-संरक्षण करारात शेजारच्या शेताचा काही संबंध नसतो. येथे हक्क घेणारी संस्था ही सरकार किंवा सार्वजनिक न्यास असते, आणि तो हक्क वापरण्यासाठी नव्हे, तर तो कोणीच वापरू नये म्हणून घेतलेला असतो. जुन्या कायद्यात अशा हक्काची जागा पक्की नसल्याने अमेरिकेतील राज्यांना त्यासाठी स्वतंत्र कायदे करावे लागले. १९८१ साली त्याकरिता एक नमुना-कायदा तयार झाला व पुढे अनेक राज्यांनी तो स्वीकारला.

बटाट्याच्या शेतांपासून आरंभ

कल्पनेचे मूळ जुने आहे. १९३० नंतरच्या दशकात काही राष्ट्रीय मार्गांच्या कडेचे निसर्गदृश्य राखण्यासाठी असे हक्क घेण्यात आले होते. १९५९ साली विल्यम व्हाइट या अभ्यासकाने शहरांभोवतीची मोकळी जमीन राखण्यासाठी हाच मार्ग सविस्तर मांडला. शेतीच्या कामी मात्र त्याचा पहिला मोठा प्रयोग न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस असलेल्या लाँग आयलंड या बेटावर झाला.

हे बेट एके काळी बटाट्याच्या शेतीसाठी प्रसिद्ध होते. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरातील कुटुंबांना घरे हवी होती. १९४७ ते १९५१ या अवघ्या काही वर्षांत बेटावरील बटाट्याच्या शेतांवर लेव्हिटाउन ही सुमारे १७,००० घरांची वसाहत उभी राहिली. वस्तीची लाट पूर्वेकडे सरकू लागली, तेव्हा सफोक काउंटीने, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक घटकाने, १९७४ साली शेतजमिनीचे बांधकाम-हक्क विकत घेण्याचा कायदा केला व १९७७ साली पहिले करार झाले. त्याच वर्षी मेरीलँड व मॅसॅच्युसेट्स या राज्यांनीही अशा योजना सुरू केल्या. वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीच्या मतदारांनी १९७९ साली या कामासाठी ५ कोटी डॉलरचे कर्ज उभारण्यास संमती दिली. शेताचा उपयोग केवळ शेतकऱ्यास नाही, हे शहरवासीयांना पटले, हीच यातील महत्त्वाची गोष्ट होय.

लँकेस्टरचे उदाहरण

पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर काउंटी ही चुनखडीच्या खडकापासून बनलेल्या सुपीक जमिनीसाठी विख्यात आहे. दुधाळ जनावरे, मका, गवत व भाजीपाला हा तेथील शेतीचा कणा. आमिश पंथाचे शेतकरी येथे आजही घोड्यांच्या औतावर शेती करतात. फिलाडेल्फिया शहर फार दूर नसल्याने येथेही घरांची मागणी वाढत गेली. १९८० साली काउंटीने शेती-संरक्षण मंडळ स्थापन केले. १९८७ साली राज्यातील मतदारांनी १० कोटी डॉलरच्या कर्जास मान्यता दिली व त्यातून राज्याची योजना उभी राहिली. आज पेनसिल्व्हेनियात ६ लाख एकरांहून अधिक शेतजमीन अशा करारांखाली आहे, आणि एकट्या लँकेस्टरमध्ये १ लाख एकरांहून अधिक. आमिश शेतकऱ्यांपैकी अनेकांना सरकारी पैसा घेणे पंथाच्या रीतीमुळे प्रशस्त वाटत नाही. त्यांच्यासाठी १९८८ साली स्थापन झालेला ‘लँकेस्टर फार्मलँड ट्रस्ट’ हा खाजगी न्यास काम करतो.

कराराची रीत

शेतकऱ्याने स्वतःहून अर्ज केल्याखेरीज या व्यवहारास आरंभ होत नाही. सक्ती मुळीच नाही. अर्ज आल्यावर शेताला गुण दिले जातात. मातीची प्रत कशी आहे, शेत किती मोठे आहे, जवळपास आधीच संरक्षित झालेली शेते आहेत काय, घरे होण्याचा धोका किती नजीक आहे, आणि धूप थांबविण्याची कामे शेतकऱ्याने केली आहेत काय, हे त्यात पाहतात. निधी नेहमीच मर्यादित असल्याने जास्त गुणांची शेते प्रथम घेतली जातात.

त्यानंतर मूल्यमापन होते. त्याचा हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शेतकऱ्याचे १०० एकर शेत आहे. घरे बांधणाऱ्यास विकल्यास एकरी २०,००० डॉलर येतील. परंतु केवळ शेती करणारा त्याच जमिनीस एकरी १२,००० डॉलरच देऊ शकेल. या दोहोंतील फरक एकरी ८,००० डॉलर हा बांधकाम-हक्काचा मोबदला होय. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती ८ लाख डॉलर येतील व शेत त्याच्याकडेच राहील. प्रत्यक्षात योजनेची कमाल मर्यादा असल्यास याहून कमी रक्कम मिळते. जो शेतकरी हक्क विनामूल्य किंवा कमी किमतीत देतो, त्यास आयकरात सवलत मिळू शकते. १९९६ पासून केंद्र सरकारही या कामी हातभार लावते. २०१४ च्या शेती कायद्यान्वये चालणाऱ्या योजनेत हक्काच्या किमतीच्या सामान्यतः निम्म्यापर्यंत रक्कम केंद्राकडून मिळू शकते.

मग जमिनीची मोजणी होते, मालकी तपासली जाते. शेतावर बँकेचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती घ्यावी लागते. नाही तर कर्जवसुलीच्या लिलावात करार बुडण्याचे भय असते. शेवटी दस्त नोंदला जातो. तो नोंदला की बंधन माणसावर न राहता जमिनीवर बसते. शेत विकले, दान दिले वा वारशाने गेले, तरी ते नव्या मालकावर लागू राहते. करार घेणाऱ्या संस्थेचा माणूस ठराविक काळाने शेतावर येऊन पाहणी करतो.

काय करता येते, काय येत नाही

करारानंतरही शेत शेतकऱ्याचेच असते. तो पीक बदलू शकतो, गोठा वा कोठार बांधू शकतो, शेत खंडाने देऊ शकतो, विकू शकतो. लोकांना त्यावर फिरण्याचा हक्क मिळत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या योजनेत कुटुंबातील माणसासाठी अथवा शेतमजुरासाठी एखादे जादा घरही अटींसह बांधता येते. वसाहतीसाठी प्लॉट पाडणे, कारखाना उभारणे, शेतीस निरुपयोगी होईल अशा रीतीने माती उपसणे या गोष्टींस मात्र मनाई असते.

वाटणीचा प्रश्न

या व्यवहाराचे खरे महत्त्व पिढी बदलताना दिसते. समजा, एका शेतकऱ्यास तीन मुले आहेत. थोरला शेती करतो. धाकटी दोघे शहरात नोकरीस आहेत. वडील थकले. तिघांना सारखे द्यावे तर शेत विकल्याशिवाय उपाय नाही. थोरल्यासच शेत द्यावे तर धाकट्यांवर अन्याय होतो. अशा वेळी पुष्कळ कुटुंबांनी बांधकाम-हक्क विकून आलेल्या पैशातून शहरातील मुलांचा वाटा दिला, कर्ज फेडले, आणि शेत एका हाती अखंड ठेवले. हक्क गेल्यामुळे शेताची किंमत उतरते, त्यामुळे वारसा-कराचा भारही हलका होऊ शकतो.

परंतु नाण्यास दुसरी बाजू आहे. हा करार बहुधा कायमचा असतो. आज सही करणारा शेतकरी आपल्या नातवाचा व पणतूचाही हात बांधून ठेवतो. उद्या शेती परवडली नाही, पाणी आटले किंवा कोणी कसणारा उरला नाही, तरी प्लॉट पाडून निभावून नेण्याचा मार्ग बंद झालेला असतो. म्हणूनच तेथील जाणते सल्लागार सांगतात की, सही करण्यापूर्वी सर्व कुटुंबाने एकत्र बसावे, स्वतःचा वकील व हिशेबनीस नेमावा, आणि घाई करू नये.

उपायाच्या मर्यादा

करार जमीन राखतो. शेतकरी राखतोच असे नाही. काही ठिकाणी संरक्षित शेते श्रीमंतांनी हवेलीच्या हौसेसाठी घेतली व जमिनीची किंमत पुन्हा नव्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेली. यावर उपाय म्हणून मॅसॅच्युसेट्स व व्हरमाँट या राज्यांत करारातच अशी अट घालतात की, शेत बिगर-शेतकऱ्यास विकू लागल्यास संस्थेला ते शेतीच्या किमतीने घेण्याचा अधिकार राहील.

दुसरे असे की, चहूकडे घरे व मध्ये एकच संरक्षित शेत, अशी स्थिती झाली तर शेती करणे दुष्कर होते. शेणखताच्या वासाच्या तक्रारी येतात, ट्रॅक्टर रस्त्यावर आणणे कठीण होते, बियाणे-खतांची दुकाने व दुरुस्तीचे कारागीर निघून जातात. म्हणून शेते सलग पट्ट्याने राखावी लागतात. तिसरे, जेथे पैसा आहे तेथे लबाडीही शिरते. हक्काची किंमत अवास्तव फुगवून करसवलत लाटण्याचे प्रकार वाढल्यामुळे २०२२ साली अमेरिकेस कायद्यात बंधने घालावी लागली.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रात सरकारने शेतकऱ्याचा बांधकाम-हक्क विकत घेऊन शेत राखावे, अशी योजना नाही. आपल्याकडे शेतजमिनीच्या बिनशेती वापरावर नियंत्रण आले ते १९६६ च्या जमीन महसूल संहितेसारख्या कायद्यांनी, आणि त्यांत वेळोवेळी बदलही होत आले. तेथे मोबदला देऊन करार होतो. येथे कायद्याने नियम होतो. शिवाय आपली धारणक्षेत्रे लहान, सातबाऱ्यावर नावे अनेक, आणि वडिलार्जित जमिनीत वारसांचे हक्क गुंतलेले. तेव्हा तिकडची रीत जशीच्या तशी येथे लागू पडेल असे नाही.

तथापि हक्क जमिनीपासून वेगळा करता येतो, ही कल्पना आपल्याकडे आलेली आहे. मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीने १९८० साली सुमारे ९३,००० एकरांचे राखीव शेती-क्षेत्र ठरविले. तेथे २५ एकरांस एक घर, असे बंधन घातले. पण शेतकऱ्यास दर ५ एकरांमागे एक बांधकाम-हक्क दिला व तो शहराकडील ठरलेल्या भागात घरे बांधणाऱ्यांना विकण्याची मुभा दिली. मुंबईत १९९१ च्या नियमावलीने आलेला हस्तांतरणीय विकास हक्क, ज्यास लोक ‘टीडीआर’ म्हणतात, तो याच जातीचा. मात्र त्याचा उपयोग मुख्यतः रस्ते, बगिचे व इतर आरक्षणांच्या जमिनी मिळविण्यासाठी झाला. शेत राखण्यासाठी नव्हे.

शहरालगतच्या गावांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी यातून एक गोष्ट अवश्य घ्यावी. शेतकरी जमिनीसंबंधी कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी मोळीतील कोणती काडी जात आहे, किती काळासाठी जात आहे, तिचा मोबदला काय, आणि उरलेली मोळी कोणाच्या हाती राहते, हे चार प्रश्न त्याच्यापुढे मांडावेत. विसार-पावती असो, विकसनाचा करार असो, वाटेची वा वाहिनीची संमती असो, प्रत्येक ठिकाणी हे प्रश्न लागू आहेत. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या सदरातील नोंदी त्यास वाचून दाखवाव्यात व त्यांचा अर्थ समजावून द्यावा.

शेतकऱ्याने जमीन विकावी की राखावी, हा निर्णय सर्वस्वी त्याचा आहे. परंतु ‘सगळे विकणे’ आणि ‘काहीच न विकणे’ यांच्यामध्येही एक वाट असू शकते, हे लाँग आयलंड व लँकेस्टरच्या शेतकऱ्यांनी दाखविले. त्या वाटेने जाणाऱ्यास पैसा मिळाला व माती राहिली. त्याची किंमत म्हणून पुढील पिढ्यांचा एक हक्क कायमचा गेला. हे दोन्ही तोलून पाहूनच ज्याने त्याने आपल्या मातीचा निर्णय करावा.