‘प्रॅक्टिस चालली नाही, म्हणून रिसर्च’ म्हणे!

एमडी झालेल्या कुणी संशोधन संस्थेत नोकरी धरली, की नातेवाइकांत कुजबुज सुरू होते : ‘प्रॅक्टिस चालली नसणार.’ यात डॉक्टर मंडळीही मागे नसतात. हे इतक्यांदा कानावर आले आहे, की एकदा नीट समाचार घ्यायलाच हवा.

गैरसमज : दवाखाना न जमलेले लोक संशोधनाकडे वळतात.

वस्तुस्थिती : महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर घ्या. १९७०च्या दशकात ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात विंचू चावून धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत. लाल विंचवाच्या विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारखी रसायने भरमसाट सुटतात, रक्तवाहिन्या आकसतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. धोक्याची पूर्वलक्षणे सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी या रुग्णांना दिली, कारण ती आकसलेल्या वाहिन्या सैल करते. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. २०११ मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात त्यांची ७० रुग्णांवरची चाचणी आली. नुसत्या प्राझोसिनपेक्षा सोबत प्रतिविष दिलेले रुग्ण लवकर बरे होतात, हे तिच्यातून दिसले. एवढे सगळे कोकणात, रुग्ण तपासता तपासता. आता सांगा, हा प्रॅक्टिस न जमलेला माणूस?

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांची गोष्टही अशीच. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा परिणाम पद्धतशीर मोजून त्यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगभरचे डॉक्टर ते औषध वापरू लागले. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. तपासायला रुग्णच नसते, तर या दोघांना प्रश्न तरी कुठून पडले असते?

मग अशी माणसे मोजकीच का? याचे उत्तर व्यक्तीच्या कुवतीत शोधणे सोयीचे आहे, म्हणून सगळे तिथेच शोधतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांची २००५ ते २०१४ ही दहा वर्षे तपासली होती. त्यांपैकी ३३२ संस्थांतून एकही शोधनिबंध निघाला नव्हता. या सगळ्या संस्थांतले झाडून सारे डॉक्टर ‘ढ’ होते, असे म्हणायचे आहे का? ओपीडी, वॉर्ड, तास आणि परीक्षा यांत दिवस संपतो. बढतीला मात्र शोधनिबंध मागतात. वेळ द्यायचा नाही आणि निबंध मागायचे, यातून जे छापले जाते त्याचा दर्जा सांगायला नको.

आणखी काही समज, थोडक्यात

‘संशोधन म्हणजे उंदीर आणि परीक्षानळ्या.’ मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी गर्भाशयमुख व्हिनेगरने तपासण्याची चाचणी वस्त्यांमध्ये केली. तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका करत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

‘पीएचडी हवीच.’ बावस्कर एमडी आहेत. चाचणीची शिस्त आणि संख्याशास्त्र मात्र शिकावेच लागते.

‘रजिस्ट्रेशन जाते.’ जात नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांत निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट तास भरून नूतनीकरण करायचे असते, मग तुम्ही दवाखान्यात असा की प्रयोगशाळेत.

‘संशोधन करणारा रुग्णावर प्रयोग करतो.’ नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती असल्याशिवाय औषधाची चाचणी सुरूच करता येत नाही. नव्या औषधाचा परिणाम काहीही न मोजता ते सर्रास लिहून देणाऱ्याला मात्र कुणी जाब विचारत नाही!

‘एकदा गेलात की परतीची वाट बंद.’ यात थोडे तथ्य आहे. वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया केली नाही, तर सर्जनचा हात बसलेला राहत नाही. पगारही बहुतेकदा खासगी प्रॅक्टिसपेक्षा कमी असतो. यावर उपाय साधा आहे : संशोधकाला आठवड्यातून एक-दोन दिवस ओपीडी आणि वॉर्डातल्या डॉक्टरला संशोधनाचे राखीव तास, दोन्ही नेमणूकपत्रात लिहून. ज्या संस्था एवढेही करत नाहीत, त्यांनी ‘आपल्याकडे संशोधनच होत नाही’ असे गळे काढू नयेत.