राखेतलं थोटूक आणि पाच लाख डॉलर

आग लावणारा आपला पुरावा आगीच्याच स्वाधीन करून निघून जातो. काडी जळते, गवत जळतं, पावलांचे ठसे राखेखाली जातात; उरलंसुरलं बंबाच्या पाण्यात वाहून जातं. तरीही असा माणूस सापडतो आणि कोर्टात दोषीही ठरतो. हे कसं घडतं ते समजून घेताना थक्क व्हायला होतं.

26 ऑक्टोबर 2006. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कॅबेझॉन गावाजवळ रात्री एकच्या सुमारास डोंगरपायथ्याशी वणवा पेटला. ‘सांता आना’ हे कोरडे, सोसाट्याचे वारे सुटले होते. सकाळी एक घर वाचवायला थांबलेल्या वनखात्याच्या पाच जवानांना ज्वाळांनी गाठलं. पाचही जण गेले. सुमारे 40,000 एकर रान जळालं, 34 घरं भस्मसात झाली. आग लावणाऱ्याची माहिती देणाऱ्याला जाहीर झालेलं बक्षीस 5 लाख डॉलरपर्यंत पोचलं.

एवढी रक्कम कशासाठी? दिशेसाठी! जळीत प्रकरणात तपासाला सुरुवात नेमकी कुठून करायची, हेच आधी कळत नाही. आग लावणाऱ्याला सहसा कुणी बघत नाही, पण नंतर तो कुणाजवळ तरी बोलतो किंवा कुणाला तरी त्याची गाडी भलत्या ठिकाणी दिसलेली असते. माहितगाराला भीती वाटते ती नाव उघड होण्याची. त्यावर 1976 साली अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात ‘क्राइम स्टॉपर्स’ने सुंदर तोड काढली : फोन करणाऱ्याचं नाव विचारायचंच नाही, त्याला एक क्रमांक द्यायचा आणि बक्षीसही त्या क्रमांकावरच द्यायचं. निनावी फोन म्हणजे पुरावा नव्हे. कुठे शोधायचं एवढंच तो सांगतो; पुरावा तपास करणाऱ्यांनी स्वतः उभा करायचा.

आणि पुरावा राखेतही असतो! आग जिथे जन्मते तिथे ती लहानगी असते; वारा तिला पुढे रेटतो आणि मोठी होरपळ पुढेच होते. म्हणून तपास करणारे उलटे चालत जातात. आग ज्या अंगाने आली, दगडाचं ते अंग जास्त करपलेलं असतं. अशा खुणा वाचत ते उगमाच्या हातभर जागेपर्यंत पोचतात. कॅबेझॉनच्या परिसरात त्याच वर्षी जूनमध्ये लागलेल्या दोन लहान आगींच्या जागी त्यांना सिगारेटची थोटकं मिळाली. सिगारेटला काड्या जोडून, ती हळूहळू जळत काड्यांपर्यंत पोचेल अशी ती युक्ती होती. लावणाऱ्याला पळायला वेळ मिळावा म्हणून केलेली. पण त्याच थोटकांवर त्याची लाळ राहिली आणि लाळेत डीएनए.

वणव्यानंतर पाच दिवसांत रेमंड ली ऑयलर नावाचा संशयित ताब्यात आला. थोटकांवरचा डीएनए त्याचाच निघाला. त्याला जोड मिळाली ती खांबावर आधीच बसवलेल्या कॅमेऱ्याची. काही दिवसांपूर्वीच्या एका आगीच्या वेळी त्याची गाडी त्यात टिपली गेली होती. त्याच्या नात्यातल्या एका बाईने त्याचं आगीबद्दलचं बोलणं कोर्टात सांगितलं. 2009 साली तो दोषी ठरला आणि त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली.

अशा मोठ्या जाहीर बक्षिसांना अनेकदा एक अट असते : गुन्हा कोर्टात सिद्ध झाला पाहिजे. मला ही अट फार मोलाची वाटते. तिच्यामुळे नुसतं बोट दाखवून कुणाला पैसे मिळत नाहीत. त्या माहितीवरून उभा केलेला पुरावा उलटतपासणीत टिकावा लागतो. पैशाच्या लोभाने कुणी निरपराधाचं नाव घेतलं, तर त्याच्या हाती काही लागत नाही. आणि खरं जाणणाऱ्याला पुढे यायला बळ मिळतं.