जुनी मोटार घेण्यापूर्वीं : तिचे दोष व दुरुस्तीचा खर्च

पिकाचा पैसा हातीं आला म्हणजे दारीं एक मोठी मोटार असावी, असें अनेक शेतकरी कुटुंबांस वाटतें, आणि तें गैरहि नाहीं. शेताकडील कच्चा रस्ता, बाजारचा दिवस, लग्नकार्य, अपरात्रीं दवाखान्यांत न्यावयाचा रोगी, अशा सर्व प्रसंगीं उंच बांध्याची, सात-आठ माणसें बसणारी गाडी उपयोगीं पडते. नवीन गाडी न परवडल्यामुळें पुष्कळ जण जुनी घेतात. परंतु जुन्या गाडीची खरी किंमत विक्रीच्या कागदावर लिहिलेली नसते. पुढील दोन वर्षांत दुरुस्तीस जो खर्च लागेल, तो तींत मिळवावा लागतो. तो आधींच कसा अजमावावा, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

उदाहरणादाखल आपल्या सर्वांच्या परिचयाची स्कॉर्पिओ घेऊं. महिंद्रा कंपनीनें ही गाडी २००२ सालीं बाजारांत आणली. २०२२ सालीं स्कॉर्पिओ-एन ही निराळ्या बांधणीची गाडी निघाली व जुन्या बांधणीच्या गाडीस ‘क्लासिक’ हें नांव मिळालें. जुन्या बांधणीच्या पुष्कळ गाड्यांत २.२ लिटरचें डिझेल इंजिन असतें. खालीं पोलादी चेसिस, तिजवर बसविलेली बॉडी, आणि इंजिनाची ओढ मागील चाकांस, अशी तिची रचना आहे. बोलेरो व जुनी टाटा सफारी यांची रचनाहि अशीच असल्यामुळें पुढील बहुतेक विवेचन त्यांसहि लागू पडतें.

एक गोष्ट प्रथम ध्यानांत ठेवावी : आवाज करणारे दोष बहुधा स्वस्त असतात, आणि मुके दोष महाग असतात. गिऱ्हाईक खडखडाटास भितें व चकचकीत रंगास भुलतें, हें विकणारास पक्कें ठाऊक असतें. म्हणून दोषांचे खर्चाच्या मानानें तीन वर्ग करणें सोयीचें आहे. खालील आंकडे अदमासाचे असून ते ठिकाणपरत्वें व सुट्या भागांच्या प्रतीप्रमाणें कमीजास्त होतील.

पहिला वर्ग झिजणाऱ्या भागांचा. खडबडीत रस्त्यावर पुढच्या बाजूनें खडखड ऐकूं आल्यास लिंक रॉड, बुश किंवा बॉल जॉइंट झिजला असें समजावें. गिअर टाकून गाडी हलतांच मागें ‘टक्’ असा ठोका बसल्यास प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस ढिला असण्याचा संभव असतो. खड्डा ओलांडल्यावर गाडी दोनतीन वेळां डुलत राहिली, तर शॉकअब्सॉर्बर गेलेले असतात. बैलगाडीची धाव जशी झिजते, तसेच हेहि भाग झिजावयाचेच. यांतील बहुतेक भाग कांहीं शेंकड्यांत अगर एकदोन हजारांत मिळतात. पुढची सर्व बाजू एकदम दुरुस्त केली तरी खर्च दहापंधरा हजारांच्या आसपास जातो. मात्र स्वस्त म्हणून हयगय करूं नये. बॉल जॉइंट धांवत्या गाडींत निसटल्यास चाक आडवें होऊन प्राणावर बेततें.

दुसरा वर्ग मध्यम खर्चाचा. चढावर वरच्या गिअरमध्यें ॲक्सिलरेटर दाबला असतां इंजिनाचा वेग वाढतो पण गाडीचा वाढत नाहीं, तर क्लच घसरूं लागला आहे. चिखलांतून काढलेल्या किंवा ट्रॉली ओढलेल्या गाडीचा क्लच लवकर जातो. त्याचा खर्च मजुरीसह दहा ते वीस हजार धरावा. टायरची एकच कड झिजली असल्यास केवळ टायरवर दोष न देतां चाकांची मांडणी बिघडली आहे कीं काय तें पाहावें. चार चांगले टायर नवे घ्यावयाचे म्हणजे तीसपासून पन्नास हजारांपर्यंत रक्कम लागते. किंमत ठरवितांना हा मुद्दा विसरूं नये.

तिसरा वर्ग मुक्या दोषांचा. घरचा पैसा बुडतो तो येथेंच. विकणारास आदल्या दिवशींच सांगून ठेवावें कीं, आम्हीं येईपर्यंत गाडी सुरू करूं नये. गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवून पाहावा. तें कोमट लागल्यास त्या दिवशीं परत फिरावें. थंड इंजिन सुरू होतांना जें कळतें, तें तापलेल्या इंजिनांत झांकून जातें. नंतर धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे; दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा टर्बोचा असतो. दाट काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानें हवा अपुरी. कारण मळलेला फिल्टर, फाटलेला होज किंवा बिघडलेला इंजेक्टर. गार सकाळीं थोडी पांढरी वाफ निघणें स्वाभाविक आहे. परंतु इंजिन तापल्यावरहि पांढरा धूर थांबत नसल्यास सावध व्हावें.

रेडिएटरची टांकी इंजिन थंड असतांनाच उघडावी. पाण्यावर तेलाचा तवंग, किंवा ऑइलच्या झांकणाखालीं दुधासारखा थर दिसल्यास हेड गॅस्केट फुटल्याची दाट शंका घ्यावी. ऑइल काळें असणें मात्र दोष नव्हे. डिझेल इंजिनांत तें लवकरच काळें होतें. किल्ली फिरवितांच इंजिनाचा इशारा देणारा दिवा लागून, गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळींच लागत नसल्यास मुद्दाम बंद केला असण्याचा संभव आहे. कांहीं शेंकडे देऊन मिस्त्रीकडून स्कॅनर लावून घेतल्यास पुष्कळ लपलेलें उघडकीस येतें.

या वर्गांतील खर्च असा : नवा इंजेक्टर एकेकीं दहा ते वीस हजार, आणि ते चार असतात, नवा टर्बो पंचवीस ते चाळीस हजार, हेड गॅस्केटचें काम वीस ते चाळीस हजार, संपूर्ण इंजिन उघडून बांधावयाचें झाल्यास लाखाच्या घरांत.

चेसिसचा दोष या तिन्ही वर्गांबाहेरचा आहे. गाडीखालीं वांकून पाहावें. चेसिसवर नव्या वेल्डिंगचे सांधे, वांक किंवा खोल गंज दिसल्यास गाडी कितीहि स्वस्त असली तरी घेऊं नये.

जमीन घेतांना आपण सातबारा पाहिल्याशिवाय विसार देत नाहीं. तोच नियम येथें पाळावा. आरसीवरील चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं ताडून पाहावे. वित्तसंस्थेचा बोजा असल्यास तो फॉर्म ३५ नें उतरवून घ्यावा, आणि नांव बदलण्याचे फॉर्म २९ व ३० सह्यांसह हातीं आल्यावरच पूर्ण रक्कम द्यावी. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढें नूतनीकरण लागतें. म्हणून चौदा वर्षांच्या गाडीस आठ वर्षांच्या गाडीचा भाव देऊं नये. किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो. त्यापेक्षां सर्व्हिसच्या पावत्या अधिक विश्वसनीय.

गाडी घरीं आल्यावर कांहीं पथ्यें पाळावीं. ट्रॅक्टरसाठीं पिंपांत सांठविलेलें डिझेल तींत घालूं नये. आधुनिक इंजिनांत डिझेल हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक दाबानें फवारलें जातें. त्यास पाण्याचा थेंब किंवा गाळाचा कणहि सोसत नाहीं, आणि इंजेक्टर बहुतांशीं अशानेंच जातात. रेडिएटरमध्यें विहिरीचें जड पाणी न ओततां कूलंटच घालावें, नाहींतर आंत क्षार धरतात. लांबचा प्रवास करून येतांच इंजिन एकदम बंद न करतां मिनिटभर संथ चालूं द्यावें, म्हणजे टर्बोस थंड होण्यास अवकाश मिळतो.

शेवटीं हिशेबाची गोष्ट. गाडीसाठीं सहा लक्ष रुपये काढले असतील, तर पांच लक्षांचीच गाडी पाहावी, व उरलेला लाख वर्षभर हात न लावतां ठेवावा. गाडी चांगली निघाल्यास ती रक्कम पुढील हंगामाच्या बियाण्याखतास उपयोगीं पडेल. वाईट निघाल्यास ऐन पेरणींत कर्जासाठीं दुसऱ्याच्या दारीं जाण्याची पाळी येणार नाहीं.